निऱ्यांच्या आड आलेलं पोट

इतवारीतल्या साडीच्या दुकानात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या परगावच्या माणसाला एक गोष्ट पाहून हसू येतं. पांढऱ्या गादीवर बायका ऐसपैस बसलेल्या असतात, मधे साड्यांचा ढीग पडलेला असतो, आणि त्या ढिगात एक मिशीवाला, पॅन्ट-शर्टातला बाप्या उभा राहून स्वतःच्याच अंगावर साडी नेसत असतो. बायकांना मात्र त्यात काडीचंही नवल वाटत नाही. त्यांचं लक्ष मिशीकडे नसतंच, पदराकडे असतं.

गिरिधर मौंदेकर हा अशा बाप्यांमधला मानकरी. कमरेला नाडी बांधायची, तीत साडीचं टोक खोचायचं, एक फेर घ्यायचा आणि मग निऱ्या घालायच्या. निऱ्या घालताना त्याचं तोंड बंद असायचं आणि बायकांचंही बंद व्हायचं. पदर खांद्यावर टाकून तो आरशाकडे अर्धा वळला, की समोरची बाई सासूकडे बघायची आणि सासू पाकिटाकडे. बाई गोरी असो, सावळी असो, नवी नवरी असो की नातवंडांची आजी, गिरिधरच्या अंगावर साडी पाहिली की तिला ती आपल्याच अंगावर दिसू लागायची. हे कसब शिकवून येत नाही. त्याच्यानंतर आलेल्या किती तरी पोरांनी करून पाहिलं, आणि ती खांबाला पडदा गुंडाळल्यासारखी दिसली.

गिरिधर कोष्ट्याचा मुलगा. त्याचे वडील बाबनराव गोळीबार चौकातल्या घरी मागावर बसत. करवती काठाची टसर साडी विणण्यात त्यांचा हात धरणारा गल्लीत कोणी नव्हता. पुढे माग थंडावले, आजूबाजूच्या घरांतली खटखट एकेक करून बंद पडली, आणि बाबनरावांचा मागही एक दिवस निघाला. याचं दुःख गिरिधरनं कधी उगाळलं नाही. कोणी फारच हळहळलं तर तो म्हणायचा, ‘‘बापानं विणली, मी नेसतो. घरचा धंदा तर तोच आहे गा.’’

तर अशा या माणसाला पन्नाशीच्या आसपास पोट आलं.

पोट कुठून आलं याबद्दल घरात मतभेद होते. बायको हर्षा म्हणायची, तर्री-पोह्यांतून. मुलगी ऋतुजा म्हणायची, सावजी रश्श्यावरच्या तेलातून. गिरिधरचं स्वतःचं मत असं, की पोट वयातून येतं आणि त्यात कोणाचा दोष नसतो. ते कुठूनही आलेलं असो, आलं ते नेमकं निऱ्यांच्या आड. साडी पोटावरून पुढे यायची, निऱ्या वर उचलल्या जायच्या, खालचा काठ समोरून चार बोटं वर आणि मागून जमिनीवर. पदर कितीही सुबक घेतला तरी बायकांचे डोळे खाली जायचे. त्या काही बोलत नसत. नुसतं ‘‘दुसरी दाखवा’’ म्हणत. गिरिधरला मात्र कळायचं, की साडीत काही खोट नाही.

त्यात दुकान आता जुन्या शेठच्या मुलाकडे, अनिशकडे आलं होतं. पोरगा वाईट नव्हता. गिरिधरच्या खांद्यावर बसून त्यानं लहानपणी मारबतीची मिरवणूक पाहिली होती. पण त्यानं मुंबईहून चकचकीत पुतळ्या आणल्या. पुतळ्यांना मान होती, डोकं नव्हतं, आणि पोट तर नव्हतंच. त्या गादीच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या आणि अनिश आदबीनं म्हणाला, ‘‘काका, तुम्ही वर गोडाऊन सांभाळा ना. इथे उठबस फार होते. लग्नसराईत पाहू परत.’’

गिरिधर वर गेला. वर सुती साड्यांचे गठ्ठे होते, एक टेबल-पंखा होता आणि खालून ऐकू येणारं बायकांचं हसणं होतं. पगार तोच होता, काम निम्मं होतं. दुसरा कोणी देवाला नारळ फोडून आला असता. गिरिधरला मात्र रोज दुपारी वाटायचं, की आपल्याला जिवंतपणी माळ्यावर टाकलंय. लग्नसराईच्या आत परत गादीवर उभं राहायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात बसलं. ती सराई हुकली तर अनिशला पुतळ्यांची सवय होणार आणि आपल्याला माळ्याची, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

याच दिवसांत वर्तमानपत्रातून एक रंगीत कागद घरात पडला. ‘एका दिवसात पोट गायब’ असं वर लिहिलं होतं आणि खाली एका ब्युटी पार्लरचा पत्ता होता. गिरिधरनं तो कागद दोनदा वाचून खिशात घातला. हर्षानं तो धुण्याआधी खिशातून काढला.

‘‘काय जी हे?’’

‘‘पोट काढतेत म्हणते. मशीननं ओढून घेतेत.’’

‘‘पोट कमी कराले मशीन काहून लागते? एक भाकर कमी करा ना!’’

‘‘ते करून पाह्यलं नाई का मी?’’

‘‘कवा पाह्यलं? अधिक मासात?’’

भांडण रंगायच्या आत ऋतुजा मधे पडली. ती बुटीबोरीच्या एका कापड गिरणीत तपासणी विभागात नोकरीला होती आणि कोणतीही गोष्ट तपासल्याशिवाय पुढे जाऊ देत नव्हती. तिनं कागद हातात घेतला, वाचला, आणि चार तुकडे करून टाकला. ‘‘बाबा, हे ऑपरेशन असते,’’ ती म्हणाली. ‘‘पार्लरात भुवया कोरतेत, पोट नाई. करायचंच असन तर प्लास्टिक सर्जनकडे जाऊ. भूल देणारा डॉक्टर वेगळा पाहिजे, आणि रात्री काही झालं तर पाहाले हॉस्पिटल पाहिजे. नाईतर राहू द्या पोट.’’

अशा रीतीनं पोळ्याच्या आठवड्यात बापलेक धंतोलीला डॉक्टर वैदेही शिर्के यांच्यासमोर जाऊन बसले.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी पहिलाच प्रश्न असा विचारला, की गिरिधरची पंचाईत झाली. ‘‘तुम्हाला हे कशासाठी करायचंय?’’

गिरिधर खुर्चीत हलला. ऋतुजानं छताकडे पाहिलं. शेवटी तो म्हणाला, ‘‘साडी नेसता येत नाई, मॅडम.’’

डॉक्टर शिर्क्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसून आजवर लोकांनी पुष्कळ कारणं सांगितली होती, हे नवीन होतं. मग ऋतुजानं सगळा खुलासा केला आणि बाईंना हसू आवरेना. ‘‘अहो, माझ्या लग्नाची साडी इतवारीतूनच घेतली,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चला, आता उभे राहा. खोका. आणखी जोरात.’’

खोकताना त्यांनी बेंबीभोवती बोटं दाबून पाहिली. बेंबीशी हर्निया असेल, आतडं पुढे सरकलेलं असेल, तर कातडीखालून नळी फिरवताना ते फाटायची भीती असते. म्हणून आधी सोनोग्राफी करायची, मग बाकीचं बोलायचं. त्यानंतर त्यांनी गिरिधरच्या पोटाचा चांगला मूठभर चिमटा घेतला.

‘‘हे जे माझ्या हातात येतंय ना, ते कातडीखालचं. ते मी काढू शकते. आणि हे खाली घट्ट लागतंय, ढोलकीसारखं, ते स्नायूंच्या आत आहे, आतड्यांभोवती. तिथे माझी नळी जात नाही, जाऊही नये. ते तुमचं तुम्हाला उतरवायचंय. चालून आणि जेवण आवरून.’’

गिरिधरनं क्षणभर विचार केला. ‘‘म्हंजे परकराच्या वरचं निघन, परकराच्या आतलं नाई.’’

‘‘बरोब्बर,’’ बाई म्हणाल्या, आणि पुढे कित्येक पेशंटांना त्यांनी हेच वाक्य ऐकवलं.

त्या दिवशी बाईंनी एकही गोष्ट झाकून ठेवली नाही. हे वजन उतरवण्याचं ऑपरेशन नव्हे, काट्यावर फार फरक दिसणार नाही, फक्त घडण बदलेल. एका वेळी किती चरबी काढायची याला मर्यादा असते, जास्त काढा म्हणून हट्ट करायचा नाही. कातडी सैल असेल तर थोडी लोंबेल. कुठे उंचवटा राहील, कुठे महिनोन्‌महिने बधिर वाटेल. रक्ताची गुठळी, जंतुसंसर्ग हे क्वचित होतं, पण होतं, म्हणून दुसऱ्या दिवसापासून चालायचं. पायाच्या पोटरीत दुखलं, धाप लागली, ताप आला, तर घरगुती उपाय न करता फोन करायचा. गुडघ्यासाठी कुठली गोळी घेता, कुठला काढा, कुठलं चूर्ण, सगळं सांगायचं, कारण काही औषधांनी रक्त थांबत नाही. आणि नंतर सहा आठवडे घट्ट पट्टा घालायचा, रात्रंदिवस. ‘‘उन्हाळ्यात मी हे करत नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नागपूरचं ऊन आणि तो पट्टा, माणूस मला शिव्या देतो.’’

‘‘सिगारेट? बिडी?’’

‘‘नाई मॅडम.’’

‘‘तंबाखू?’’

‘‘नाई, नाई.’’

हे उत्तर त्यानं छातीवर हात ठेवून दिलं, आणि खोटं बोलतोय असं त्याच्या मनातही नव्हतं. इथे थोडं थांबून सांगायला हवं. तंबाखू खायचे ते बाबनराव. तळहातावर चुना घेऊन मळायचे, ओठात धरायचे. गिरिधर तसलं काही करत नव्हता. तो नुसता खर्रा खायचा. पानठेल्यावर प्लास्टिकच्या पन्नीत घोटून मिळतो तो. आता त्या खर्ऱ्यात सुपारीबरोबर काय असतं, हे नागपुरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण ते कोणी मोजत नाही. खर्रा म्हणजे खाणं नव्हे, व्यसनही नव्हे. तो दोन मित्र भेटले की निघतो, सोयरिकीच्या बोलणीत निघतो, मयतीहून आल्यावर निघतो. चतुर्थीच्या उपासालाही चालतो. ज्या गोष्टीनं उपास मोडत नाही, ती डॉक्टरला कशाला सांगायची?

सोनोग्राफी चांगली आली, रक्त चांगलं आलं, आणि नवरात्रातला एक दिवस ठरला. आदल्या रात्रीपासून पोटात काही घ्यायचं नाही, सकाळी पाणीसुद्धा नाही, असं बजावलेलं होतं. गिरिधरनं कडक पाळलं. हर्षानं चहाचा कप नुसता जवळून नेला तरी तो खेकसला. देवाला नमस्कार करून, अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून तो हर्षाला घेऊन हॉस्पिटलात गेला. अंगावर हिरवा झगा चढला. भूल देणारे डॉक्टर आले, वयस्क, चष्म्याचे. ‘‘मोठा आ करा,’’ म्हणाले.

गिरिधरनं आ केला. तो फारसा मोठा झाला नाही. डॉक्टरांनी बॅटरी मारली आणि वाकून पाहिलं.

‘‘तोंडात काय आहे?’’

‘‘काई नाई जी,’’ गिरिधर म्हणाला. ‘‘खर्रा आहे.’’

परिचारिकेनं तोंडाला पदर लावावा तसा मास्क वर ओढला. भूल देणारे डॉक्टर बाहेर गेले आणि डॉक्टर शिर्क्यांना घेऊन आले. गिरिधरला वाटलं, आता खरडपट्टी निघणार. पण बाई स्वतःवरच चिडल्या होत्या.

‘‘जन्म नागपुरात गेला माझा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि मी तंबाखू विचारते, खर्रा विचारत नाही! चूक माझी. पण ऑपरेशन आज होणार नाही.’’

‘‘मॅडम, थुकतो ना मी! आत्ता थुकतो.’’

‘‘थुंकून काय होतंय?’’ बाई बाजूच्या स्टुलावर बसल्या. ‘‘भूल चढल्यावर पोटातलं वर आलं तर ते फुप्फुसात जातं, म्हणून उपाशी ठेवलं होतं. तुम्ही सकाळपासून रस गिळताय. दुसरं, तुमचं तोंड पुरतं उघडत नाही. ते खर्ऱ्यानंच आवळलंय. उद्या श्वासाची नळी घालायची वेळ आली तर कुठून घालायची? आणि तिसरं ऐका. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. मी कातडीखालची चरबी ओढून घेणार, मग वरच्या कातडीला रक्त कमी पडलं तर ती भरून येत नाही, काळी पडते. साडी कशावर नेसाल?’’

शेवटच्या प्रश्नानं गिरिधरचा चेहरा उतरला. बाईंनी अट घातली: सहा आठवडे खर्रा पूर्ण बंद, तोंड उघडण्याचे व्यायाम, दातांच्या डॉक्टरला तोंड दाखवणं, रोज चालणं. वजन दिवाळीतही जागच्या जागी राहिलं पाहिजे, वाढलं तर तारीख पुढे. हे झालं तर सराईच्या आधी ऑपरेशन, नाहीतर नाही.

रिक्षातून घरी परतताना गोळीबार चौक आल्यावर हर्षा म्हणाली, ‘‘पोटासाठी गेलते आणि तोंडानं घात केला.’’ हे तिनं रागानं म्हटलं नव्हतं. उलट तिला आतून बरंच वाटत होतं. गेली पंचवीस वर्षं ती हा खर्रा सोडा म्हणून कानीकपाळी ओरडत होती, आणि देवानं आज एका डॉक्टरिणीला सुबुद्धी दिली होती.

पुढचे सहा आठवडे गिरिधरनं काढले ते त्याचं त्यालाच माहीत. खर्रा सोडला की तोंडाला काम उरत नाही. मग ते बोलतं, आणि बोलतं ते वाकडं. ऋतुजाच्या गाडीच्या आवाजावर तो चिडला, हर्षाच्या बांगड्यांवर चिडला, एकदा तर खिडकीतल्या कबुतराशी भांडला. हर्षानं खिशात फुटाणे भरून द्यायला सुरुवात केली. तो गांधीसागर तलावाला चकरा मारू लागला, पण पानठेला आला की रस्त्याच्या पलीकडून जायचा, जणू ठेलेवाला सोयरा आहे आणि त्याच्याशी बोलचाल बंद आहे. एकदा जुना मित्र भेटला, त्यानं गप्पा मारता मारता पन्नी उलगडून समोर धरली. गिरिधरचा हात सवयीनं पुढे गेला, चिमूटही उचलली. मग त्यानं ती परत पन्नीत ठेवली. ‘‘नाई गा,’’ तो म्हणाला. मित्राला वाटलं, याचा आपल्यावर काही राग आहे.

त्या दिवशी दुकानात वर गेल्यावर त्यानं दार लोटून घेतलं, गठ्ठ्यातली एक साधी सुती साडी काढली आणि नेसून पाहिली. आरसा नव्हता. वरून खाली पाहिलं तर आधी पोट दिसलं आणि पोटाच्या पलीकडे काठ. खालून अनिशचा आवाज येत होता, कोणाला तरी पुतळीवरची साडी समजावून सांगत होता. गिरिधरला रडू आलं, आणि आलं म्हणून तो थोडा रडला. मग साडीची घडी घातली, फुटाणे खाल्ले आणि कामाला लागला.

दिवाळीत त्यानं चकलीकडे पाहिलं, चकलीनं त्याच्याकडे पाहिलं, प्रकरण तिथेच मिटलं. दातांच्या डॉक्टरनं तोंड पाहून सांगितलं, की वेळेत सोडलात, आता परत धरू नका. सहा आठवड्यांनी तो डॉक्टर शिर्क्यांच्या पुढे उभा राहिला तेव्हा बाईंनी विचारायच्या आधीच त्यानं आ केला. पूर्वीपेक्षा बोटभर जास्त उघडला. त्या बोटभर जागेचा त्याला फार अभिमान वाटला.

ऑपरेशन झालं. रात्री हर्षा हॉस्पिटलात थांबली. बारीक भोकांतून गुलाबी पाणी झिरपत होतं, चादर ओली होत होती. पण हे असं होतं, घाबरायचं नाही, असं आधीच सांगितलेलं असल्यामुळे तिनं फक्त कापड बदललं. दुसऱ्या दिवशी परिचारिकेनं गिरिधरला उभं करून चालवलं. हर्षानं पट्टा सोडलेलं पोट पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. पोट आधीपेक्षा मोठं दिसत होतं, वर निळं-जांभळंही झालेलं.

‘‘काढलं का भरलं जी?’’

‘‘सूज आहे वं,’’ गिरिधर कण्हत म्हणाला. ‘‘मॅडमनं सांगतलं होतं.’’ सांगितलं होतं हे खरं, पण पट्टा परत बांधेपर्यंत त्यानंही दोनदा खाली वाकून पाहिलं.

मग पट्ट्याचे दिवस. सकाळ-संध्याकाळ हर्षा तो सोडायची, पुसायची, परत बांधायची. बांधताना ती गुडघा टेकवून जोर लावायची आणि गिरिधर भिंत धरून उभा राहायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतका वेळ दोघं रोज असे समोरासमोर कधी आले नव्हते. एरवी तो दुकानात, ती घरात. आता पट्टा बांधता बांधता बोलणं व्हायचं, कधी ऋतुजासाठी आलेल्या स्थळाचं, कधी नुसतंच. सूज उतरायला लागली तेव्हा थंडी पडली होती. बेंबीच्या खाली हातभर कातडी बधिर होती आणि डाव्या बाजूला हाताला लागेल असा एक उंचवटा राहिला. पोट पार गेलं नव्हतं. परकराच्या आतलं होतंच. पण चालणं सुरू राहिल्यामुळे तेही हळूहळू माघार घेत होतं. गिरिधर त्यावर खूष होता. बाईंनी जेवढं कबूल केलं होतं तेवढं दिलं होतं, आणि व्यवहारात त्याला याहून जास्त काही लागत नसे.

संक्रांतीनंतर लग्नसराई तापली आणि अनिशनं वर निरोप पाठवला, ‘‘काका, आज खाली या. पाहू.’’

त्या दिवशी गादीवर कन्हानच्या शामलाबाई बसल्या होत्या. अंगानं भरलेल्या, आवाजानं त्याहून भरलेल्या. मुलाचं लग्न होतं, आणि वरमाईची साडी घ्यायला त्या नणंदेला घेऊन आल्या होत्या. पुतळीवरच्या सगळ्या साड्या त्यांनी आधीच नापास केल्या होत्या. गिरिधरनं नाडी बांधली. जांभळ्या रंगाची रेशमी साडी उचलली, टोक खोचलं, फेर घेतला आणि निऱ्या घातल्या. मधे किती महिने गेले होते, पण बोटं विसरली नव्हती. निऱ्या सरळ खाली गेल्या आणि काठ पावलांवर एका रेषेत टेकला. आरशात त्यानं ते पाहून घेतलं. पदर टाकून तो अर्धा वळला.

शामलाबाईंनी वरून खाली, खालून वर पाहिलं. ‘‘साडी चांगली हाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण तुमाले काय हो भाऊ, तुमच्यावर कोणतीबी चांगलीच दिसन. तुमाले पोट कुठं हाय? आमाले हाय.’’

गिरिधरचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. ‘‘काय म्हणलं ताई?’’

‘‘पोट नाई ना तुमाले! तुमच्यावर पाहून घेऊन जाईन अन्‌ घरी मी नेसली का वरमाई नाई, गाठोडं दिसन. चाल वं,’’ त्या नणंदेला म्हणाल्या आणि उठायला लागल्या.

गिऱ्हाईक उठतंय आणि गिरिधर खुळ्यासारखा हसत उभा आहे, हे पाहून गल्ल्यावर बसलेल्या अनिशचा चेहरा पडला. गिरिधर भानावर आला. ही बाई गेली तर माळ्याचा जिना परत चढायचा होता. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, आणि अनिशच्या पाठीमागची उशी ओढून घेतली. अंगावरची साडी फेडून ती पोटावर धरली, वरून नाडी करकचून बांधली आणि शर्ट खाली ओढला. ‘‘बसा ताई,’’ तो म्हणाला. ‘‘आता पाहा.’’

शामलाबाई उभ्या होत्या त्या मटकन बसल्या. नणंद तोंडावर रुमाल धरून हलायला लागली. गिरिधर मात्र गंभीर होता. ‘‘हे पाहा ताई. पोट असलं की पहिला फेर पोटावरून नाई घ्यायचा, खालून घ्यायचा, असा. निऱ्या बारीक. मधोमध नाई खोचायच्या, जराशा डाव्या अंगाला. आता सोडा. आला का काठ खाली?’’ या सगळ्या खटपटी त्यानं गेली काही वर्षं स्वतःच्या पोटावर करून पाहिल्या होत्या. त्यांनी तेव्हा थोडीफार लाज झाकली होती. आज उशीवर त्या झकास बसल्या.

‘‘अगं बाई,’’ शामलाबाई म्हणाल्या, ‘‘हे तर माह्यावानीच झालं!’’ त्यांनी स्वतः उठून त्या उशीवर हात फिरवून पाहिला. मग जांभळी घेतली, आणि नणंदेनं तीच वेगळ्या रंगात मागितली. तोवर पलीकडे बसलेल्या दोन बायका सरकत सरकत जवळ आल्या होत्या. एकीनं विचारलं, ‘‘भाऊ, ते नेसवणं आमालेबी दाखवा ना.’’

संध्याकाळी गादी आवरताना गिरिधरनं उशी सोडून अनिशला परत दिली. अनिशनं ती घेतली नाही. ‘‘राहू द्या काका, तुमच्याजवळच,’’ तो म्हणाला. ‘‘मी माझ्यासाठी दुसरी आणतो. आणि उद्या जरा लवकर या, एक पुतळी वर नेऊन ठेवायचीय.’’

घरी आल्यावर गिरिधरनं बूटही न काढता हर्षाला सगळं सांगितलं, साडी कशी नेसली ते ओढणी घेऊन करून दाखवलं. हर्षा कणीक मळता मळता हसायला लागली, आणि इतकी हसली की पिठाच्या हातानं डोळे पुसायची वेळ आली.

‘‘मंग एवढं ऑपरेशन, एवढे पट्टे, एवढा खर्रा सोडला, हे काहून केलं जी? शेवटी पोट बांधूनच उभं राहायचं होतं तर होतं ते काय वाईट होतं?’’

‘‘अवं, तेवढाच तर फरक आहे,’’ गिरिधर बूट काढत म्हणाला. ‘‘हे संध्याकाळी दुकानात ठेवून घरी येता येते.’’